अकरा किलोमीटरवरचा परदेश

मुलगा हॅलिफॅक्सहून दर रविवारी विचारतो,
आई, व्हिसाचं काय केलंस?
मी म्हणते, बघते.
आणि सोमवारी साडेतीनची डिग्रज गाडी पकडते.
आयर्विन पूल ओलांडला की माझा मुलुख संपतो.

एकतीस वर्षं बँकेत नोटा मोजल्या.
बोटांची सवय जात नाही,
पोरं रांगेत बसली की आपोआप मोजली जातात.
बावीस. परवा चोवीस होती.
दोघी धाकट्यांना घेऊन कोपीवरच थांबल्यात,
आया फडात.

इथं माझी भाषा चालेना,
फाटकी नोट दुकानदार परत करतो तशी
पोरं एकेक शब्द परत करायची.
मी फळ्यावर लिहिलं, आई.
झमकी म्हणाली, याडी.
मी लिहिलं, भाकरी.
बाटी.
मी लिहिलं, पुस्तक.
ती थांबली. भावाला विचारलं, तोही थांबला.
मग म्हणाली, पुस्तकच.
ते तुमच्याकडूनच आलंय.

जानेवारीतल्या एका दुपारी पाचटानं पेट घेतला.
सहा कोप्या.
लालसिंगनं शेळी सोडवली,
स्वतःची चप्पल विसरून.
माणसं वाचली. दप्तरं नाही.

दुसऱ्या दिवशी मी गेले ती तोंड पाडूनच.
पिशवीत बिस्किटं, जुने स्वेटर,
आणि गाडीत पाठ केलेली चार वाक्यं, सांत्वनाची.
एकही खर्च झालं नाही.

पोरं राखेत ओणवी होऊन कोळसे निवडत होती,
बारीक या डब्यात, जाड त्या डब्यात.
रिकाम्या ट्रेलरच्या फाळक्यावर शाळा भरलेली.
बाई, तुमचे खडू संपायचे सारखे.
हे बघा किती!

मिथुननं घर काढलं,
दोन खिडक्या, आत पंखा, पंख्याला चार पाती.
कुणाचं रे?
ते जळलं ना, म्हणाला, हे दुसरं.
पेन संपल्यावर दुसरं काढावं तसं.

त्यांना काही वाटलं नाही, असं मी म्हणणार नाही.
झमकी रात्री ओरडत उठते,
तिच्या याडीनं मला बाजूला घेऊन सांगितलं.
तिच्या भुवया जळाल्या होत्या.
पण त्या दुपारी तिनं कोळशानं नव्या काढून घेतल्या,
एक सरळ, एक पार कपाळात गेलेली,
आणि माझ्याकडं अशी बघितली
जणू हिशेब माझाच चुकलाय.

मी हसले.
आणि मग थांबताच येईना.
हे गेल्यापासून एवढी हसले नव्हते,
तेही परक्यांच्या जळक्या उंबऱ्यावर बसून.
लाज वाटली. पण पोरं माझ्याहून जोरात हसत होती,
शेळीसुद्धा ओरडली.
मग माझ्याही भुवया काढल्या त्यांनी, आणि वर एक टिकली.

रविवारी फोनवर मुलगा म्हणाला,
आई, कपाळाला काय लागलंय?
साबणानं जात नाही, म्हटलं. शिक्का आहे.
त्याला रेंज नसावी. काय? काय? करत राहिला.

फेब्रुवारीत एकदा, माधवनगर रस्त्यावर,
मी मेथीची जुडी घेऊन रस्ता ओलांडायला उभी.
ऊस भरलेले ट्रेलर कारखान्याकडं निघालेले,
एकामागून एक, कर्णे वाजवत.
शेवटच्या फाळक्यावर, धुळीखाली,
झमकीचं अक्षर.
सहाचा पाढा.
सहा पाचा तीस, सहा सक छत्तीस,
सहा साती चव्वेचाळीस.

रिक्षावाल्यांनी वाचला असेल, पोलिसानं वाचला असेल,
कॉलेजच्या पोरांनी गाडीवरून मान वळवून.
सगळ्या सांगलीतून ती चूक
मिरवत गेली, टेचात, उसाच्या वासात.

एक रुपया कमी भरला तर रात्री आठपर्यंत बसणारी मी.
दोन जास्त होते.
असू देत म्हटलं,
आणि हात केला ट्रेलरला.