प्रसाद

बोरीच्या देवळात शाणूने देवीला प्रसाद लावला:
माटिल्दबाय लिस्बनला गेली,
जाताना आईकडे ठेवलेल्या तिच्या चार पाटल्या
परत द्याव्या की नको.
कागद नाही, साक्षीदार नाही,
आईही नाही आता.

भटजींनी ओल्या पाकळ्या चिकटवल्या
खांद्यांवर, गुडघ्यांवर.
समई तडतडली. एकही पडेना.

बसल्या बसल्या त्याला घरचा कुडव आठवला,
काठाला चेपलेला.
सगळं भात त्यानेच मापायचं;
मग कुडव कशाने मापायचा, असं त्याने लहानपणी विचारलं
तेव्हा आई हसली, आणि कुडवावर एक मूठ जास्त
शेवंती कामेरणीच्या ओट्यात घातली.

देवी, चांगुलपण तुझ्या अंगचंच ना?
की तेही असंच
कुणीतरी चिकटवलेलं, ओलं आहे तोवर?

डावी पडली तर?
डावी पडली तर, त्याला कळलं,
आपण देवीवर नाही रागावणार.
भटजींना म्हणू, नीट लागली नव्हती,
पुन्हा लावा.

तो उठला. पायऱ्यांवर चपला शोधू लागला.
पाकळी पडल्याचा आवाज होत नाही.