एक जानेवारी

अंबादासचा फोन आला वाळूजहून,
अम्मा, कंपनीच्या साईटवर फोटो आलाय माझा, बघ की.
बिअरच्या कारखान्यात लागला तेव्हा
आठ दिवस बोलले नव्हते त्याच्याशी.
तरी फोटो म्हटल्यावर चष्मा शोधला.

तर दारातच पाटी.
तुमचं वय पंचवीसच्या वर आहे का?
जन्मतारीख टाका.

आता माझी जन्मतारीख.
अम्मा सांगायची, मार्कंडेयाच्या रथाच्या आदल्या रात्री,
कंदिलात तेल नव्हतं, सुईण उशिरा आली.
साल कुणी धरून ठेवलं नाही.
शाळेत मास्तरांनी एक जून लिहिलं,
आधारवाल्या पोरानं एक जानेवारी,
मान वर न करता.

तीन चाकं पडद्यावर. दिवस, महिना, साल.
सालाचं चाक यंदाच्याच सालावर उभं.
बोट लावते, हलत नाही.
चाळीस वर्षं तेंदूची पानं वळून
रेषा गेल्यात बोटांच्या,
रेशनचं मशीनसुद्धा ओळखत नाही मला.
थुंकी लावून ओढलं,
तर भलतंच बटण दाबलं गेलं.

माफ करा, तुम्ही अजून लहान आहात.

पुन्हा उघडलं. लहान आहात.
बंद करून, पदरानं पुसून उघडलं. लहान.
आमच्या कारखान्यातला चेकर असाच होता,
एकदा छाट म्हटलं की छाट,
हजारातल्या दोनशे बिड्या बाजूला,
कारण विचारायचं नाही.

आणि मी नऊ वर्षांची, हातात पितळी किटली,
कन्ना चौकामागं शिंदीच्या दुकानात,
फळीपर्यंत हनुवटी पोचत नव्हती,
तेव्हा कुणी विचारलं होतं का वय?
सुट्टे आहेत का, एवढंच विचारलं.
फेस सांडू नये म्हणून भिंतीच्या कडेनं यायची.
एकदा चाखली. आंबट.
दुष्काळात खडी फोडायला गेले,
मुकादम म्हणाला, चौदा लिहितो, गप बस.
लग्नात अम्मानं अठरा सांगितलं,
पंधरा होते की सोळा, देवाला ठाऊक.
जो तो मला मोठी करत आला.
लहान म्हणणारं हे पहिलंच भेटलं,
तेही साठी उलटल्यावर,
आणि नेमकं पोराचं तोंड बघायचं तेव्हा.

शेजारचा श्रीहरी आला शिकवणीहून, आठवीतला.
थांब आज्जी, म्हणाला,
स्वतःच्या फोनवर अंगठ्यानं चाक भिरकावलं,
एकोणीसशे पस्तीसवर सोडलं.
पापणी लवायच्या आत नव्वदीचा झाला पोरगा,
आणि दार सताड.

तुला कसं जमतं रे?
वर्गात सगळ्यांना जमतंय, म्हणाला.

फोटोत सहा पोरं.
सहाही डोक्यांना जाळी, सहाही तोंडांना पट्टी,
मागं हिरव्या बाटल्यांची रांग.
यातला कुठला आपला?
श्रीहरीनं दोन बोटांनी मोठं केलं,
डोळे फाटून ठिपके झाले.
म्हटलं, लहानच कर बाबा.
मग दिसला. डावीकडून दुसरा,
एका पायावर भार टाकून, कोपर बाहेर काढून,
थेट बापासारखा उभा.

रात्री फोन आला.
दिसलो का?
दिसलास की, म्हटलं. जेवलास का?