तासिका दोन

वार्षिक नियोजनाचा तक्ता.
घटक सातवा, भरती-ओहोटी. तासिका : दोन.
मागच्या वर्षी दीडच झाली,
उरलेल्या वेळात पोषण आहाराचा हिशोब.

शाळेची मागची भिंत दाभोळच्या खाडीला टेकलेली.
उधाणाला पाणी पायरीपर्यंत येतं
आणि आत मी फळ्यावर काढत असे
चंद्र, पृथ्वी, बाण.

यंदा सहावीतल्या नझमीन होडेकरनं हात वर केला.
"बाई, आज पाणी किती वाजता भरणार?"
पुस्तक चाळलं.
पुस्तकात आज नव्हता.

"षष्ठी हाय," मागून दर्पण जाक्कर,
"तिथीची पाऊणपट करा. साडेचार."
"पाचवा चांद आहे. पावणेचार."
आकाश एकच, फरक एका दिवसाचा,
दोघांच्या मागे उभी
चार-चार पिढ्यांची जाळी.

गप्प बसा, लिहून घ्या,
जीभ तशी वळलीही होती.
वीस वर्षांचं वळण.

जेटीपाशी पोफळीचा सोट रोवला,
वितीवितीला चुन्याची रेघ.
पंधरा पोरं आणि माझं मनगटी घड्याळ,
दोन मिनिटं पुढे.
"दोनच कशावरून?" दर्पणनं विचारलं.
मी कधी तपासलं नव्हतं.

पाणी चढलं, सातवी रेघ भिजली,
मग कितीतरी वेळ काहीच नाही.
कोणीतरी जांभई दिली.
चार वाजून दहा मिनिटांनी एक सुकं पान
जागच्या जागी फिरलं
आणि समुद्राकडे निघालं.
दोघेही हरले, की दोघेही अर्धे जिंकले,
हे भांडण घाटी चढून वाडीपर्यंत गेलं.

दुसऱ्या दिवशी अवनीच्या वहीत
(अवनी, जी हजेरीलाही मान हलवते)
सोटाला चिकटलेलं एक कालव, आणि खाली :
'पाणी कुठे जात नाही.
मीच बुडते आणि वर येते.'
चूक म्हणून लाल पेन उघडलं.
पुन्हा वाचलं. टोपण लावलं.
याला गुण किती? तक्त्यात रकाना नाही.

केंद्रप्रमुख विचारतात, घटक आठ कुठवर आला.
आठवा अजून कोरा आहे.
सातव्यात आता अकरा तासिका,
गणिताच्या तीन उसन्या, चित्रकलेची एक,
आणि कालपासून नझमीनचं नवं :
"अवसेला चांद दिसतच नाही, बाई,
मग उधाण कोण आणतं?"

उत्तर मला येतं.
यंदा तेच जड जातंय,
येणारं उत्तर तोंडात धरून
शुक्रवारपर्यंत बसणं.