विहिरीतला पोस्टमन

अंक गुरुवारी यायचा. बुधवारी रात्री
नेव्हिओ पांघरुणात पैसे मोजायचा
आणि दर वेळी पन्नास सेंटिम कमीच भरायचे.

पाच फ्रँक. म्हणजे दोन बादल्या कोळसा,
खाणीमागच्या राखाडी डोंगरावरून वेचलेला,
खाणीने टाकलेला, पण जळणारा.
पिरार बाई दारात एकेक ढेकूळ हातात घेऊन बघायच्या,
जणू आम्ही त्यांना अंडी विकतोय.

मग उतारावरून थेट म्यूजच्या काठापर्यंत पळत.
मादाम लांबिओत अंक देण्याआधी हात बघायच्या.
"पुसा."
स्कर्टला पुसले.
"आता दुसरी बाजू."
वाटेत उघडायचा नाही असा नियम होता,
तो नेव्हिओ मोडायचा.
मी फक्त वास घ्यायचे. शाई ओली असल्यासारखा वास.

बाबांचं फ्रेंच भट्टीपुरतं:
सरक, उचल, सांभाळ, उद्या.
रात्री अंक मांडीवर घेऊन
चित्रांवरून बोट फिरवत ते गोष्ट आपली आपणच सांगायचे,
आब्रुत्सोच्या बोलीत,
आणि त्यात सायकलवरचा तो पोस्टमन
आमच्याच गावचा निघायचा,
उधारी ठेवून पळालेला कुणाचा तरी मेहुणा.
अंकातल्या फुग्यांमधून मी शिव्या शिकले,
शाळेत मला मकारोनी म्हणणाऱ्यांना
व्याकरणासकट परत केल्या.

डिसेंबरात पोस्टमन कोरड्या विहिरीत पडला.
शेवटच्या चौकटीत ती कोरडी राहिली नव्हती.
पाणी हनुवटीला,
टपालाची पिशवी डोक्यावर,
खाली कोपऱ्यात बारीक अक्षरांत: क्रमशः.

त्या मंगळवारी संप लागला.
रात्रीचं तांबडं आभाळ गेलं. सरँमध्ये काळोख असतो
हे मला नवव्या वर्षी कळलं.
गाड्या थांबल्या, गाड्यांबरोबर अंक.
पाच आठवडे दुकानाच्या काचेमागे
तोच जुना अंक, त्याच मादाम.
घरात बटाटे, मग बटाट्यांचं पाणी.
वेचलेला कोळसा आता विकायचा नव्हता,
आमचीच चूल मागत होती.
बाबा दिवसभर घरी. आम्हाला त्याचं कौतुक,
आईला नाही.

आणि आम्ही दोघं रोज त्या माणसाला वर काढत होतो,
संपाच्या पत्रकांच्या पाठकोऱ्या बाजूवर.
पत्रांची होडी करून.
सगळं पाणी पिऊन टाकून.
नेव्हिओने त्याला एक घूस दिली, तिने बोगदा खणला.
मी म्हटलं, सायकल मावणार नाही.
दोन दिवस भांडलो. मग घूस मोठी केली.
बाबा म्हणाले, तो कशाला येईल वर?
विहिरीतही संप चालू आहे.
आई म्हणाली, आधी त्याला काही खायला द्या.

सत्तावीस वाटा झाल्या. मी मोजल्या होत्या.

जानेवारीच्या अखेरीस अंक आला तेव्हा
पोस्टमन वाळवंटात सायकल हाकत होता,
कपडे कोरडे, विहिरीचं नावही नाही.
मधले अंक?
मादामनी खांदे उडवले. "संपात गेले."
बाबांच्या पगारासारखे.
त्या वर्षी पुढचा एकही गुरुवार आम्ही चुकवला नाही.
नंतर कितीतरी वर्षं खिशात पैसे होते,
पण इतकं काही विकत घेतल्याचं आठवत नाही.

मागच्या रविवारी, लिएजच्या नदीकाठच्या बाजारात,
प्लास्टिकच्या पिशवीत: तोच तो अंक.
अठरा युरो. घासाघीस केली नाही.
पुलावर उभी राहून उघडला.

वरून दोर आला.
दोन चौकटी. दोर कुणी टाकला, तेही नाही.

पेस्काराला फोन लावला.
नेव्हिओला आता ऐकू कमी येतं,
दोनदा सांगावं लागलं.
"दोर?"
दोर.
"आणि घूस?"
घूस नाही रे.
बराच वेळ नुसता त्याचा श्वास.
"खोटा अंक आहे तो," तो म्हणाला.
"परत जा. पैसे माग."