टेपचं दुसरं टोक

वेंडेलिन, माझ्या बहिणीचा नवरा,
दर मे महिन्यात हिमनदीवर गोधडी अंथरतो.
खरंच. सहा एकर जाड पांढरं कापड,
कडेने वाळूची पोती,
स्कीच्या उतारावरचा बर्फ उन्हाळाभर टिकावा म्हणून.
आणि संध्याकाळी खानावळीत
मिशीवरचा बिअरचा फेस पुसत सांगतो,
"काही होत नाहीये. हवामान काय, बदलतंच."

मी बावीस वर्षं ही हिमनदी मोजते.
त्यात विशेष काही नाही. सप्टेंबरात वर जायचं,
खडकावरच्या लाल खुणेपाशी टेपचं एक टोक,
दुसरं ओढत बर्फाच्या नाकापर्यंत,
आकडा वहीत.

वही माझी नाही.
पहिलं अक्षर पाद्री कासियानचं, बोरूचं, तिरकं.
मग पोस्टमास्तर, जो पाद्र्याचं तोंड बघत नसे,
आणि ज्याने त्याची चूक पकडायला म्हणूनच टेप हातात घेतली.
चूक सापडली. दीड मीटरची.
समासात लिहिलीय, लाल शाईने, आनंदाने.
मग माझा बाप, ज्याचं कुणाशीच पटलं नाही.
ही माणसं चर्चमध्ये एका बाकावर बसली नसती.
वही मात्र म्हणते: मागे. मागे.
अठ्ठ्याहत्तर साली नऊ मीटर पुढे
(तेही लिहिलंय, कुणी खोडलं नाही),
मग मागे, आणि मागे.

"शास्त्रज्ञांचं संगनमत आहे," वेंडेलिन म्हणतो.
संगनमत!
इन्सब्रुकहून संशोधनाला येतात त्या पोरी
माझ्याच टेबलावर, माझंच सूप पीत,
एकमेकींच्या आलेखांची सालं काढतात.
प्रत्येकीला दुसरी चुकलेली हवी असते,
त्यावरच तर नाव होतं.
इतक्या भांडखोर लोकांचं जेव्हा एकमत होतं
तेव्हा मला झोप येत नाही.

"पूर्वीही वितळलाच होता की."
होता. माणसंही पूर्वीपासून मरतातच, वेंडेलिन,
म्हणून पोलिसाने प्रेत बघून घरी जायचं का?

हे मी त्याला म्हणाले नाही.
अशी उत्तरं मला जिना उतरताना सुचतात.
आणि जिंकून तरी काय करू?
त्याच्या बोलण्याखाली काय आहे ते ठाऊक आहे मला:
लिफ्टचं कर्ज, तेरा माणसांचे पगार,
आणि फेरेना, त्याची लेक,
जिच्या नावावर तो हे सगळं करणार होता.
माझं मान्य करायचं म्हणजे
तिला समोर बसवून सांगायचं.

यंदा माझा गुडघा गेला.
म्हटलं, "दुसरं टोक धरशील?"

मी पहिल्या वर्षी रंगवलेल्या खुणेपासून सुरुवात केली.
टेप पन्नास मीटरची. संपली. दगड ठेवला, पुन्हा लावली.
पुन्हा संपली.
अकराव्यांदा तो वैतागला,
"वरची खूणच चुकीची आहे तुझी."
"मग बघून ये."

तो खरंच परत वर गेला.
खडकावरचं दगडफूल नखाने खरवडत
बराच वेळ वाकून राहिला.
खुणेखाली साल आहे.
त्या साली फेरेना पहिलीत गेली.
मी मुद्दाम काही बोलले नाही.

खाली आल्यावर वही पुढे केली.
पेन्सिलीचं टोक चावत त्याने आकडा लिहिला,
बिलांवर लिहितो तसाच, सातला आडवी रेघ देऊन.
कासियान, पोस्टमास्तर, बाप, मी,
आणि आता हे.

उतरताना म्हणाला,
"एका वर्षावरून काही ठरत नाही."
"नाही," मी म्हटलं. "पुढच्या सप्टेंबरात ये.
गुडघा काही बरा होणार नाहीये."