तळहातावरचा रातवा

जांबोटीच्या पुढं, कच्च्या रस्त्यानं दोन मैल,
तळ्याकाठी तीन लाकडी खोल्या आणि चार तंबू.
रेणूनं परस्पर बुकिंग केलं.
"चला की बाबा, तिथं नुसती शांतता आहे," म्हणाली
आणि लगेच जीभ चावली.

शांतता माझ्याकडं आहेच, बारा वर्षं झाली.
त्याआधी एकतीस वर्षं उद्यमबागेतली फौंड्री,
पेट्या आपटायच्या जाळीला लागूनच माझी जागा.
लोखंड थंड झालं की आपटायचं, माती झाडायची.
त्या झाडण्यात कान कधी झडले
कळलं नाही.

कंदील घेऊन ईरण्णा आला. राखणदार तोच, स्वयंपाकी तोच.
कन्नडात काही सांगितलं, मग मराठीत काही.
मी दोन्हींना मान हलवली.
ज्यांच्यावरून आमच्याकडं पाट्यांना डांबर लागतं
त्या दोन्ही भाषा मला आता
सारख्याच कमी ऐकू येतात.
शेवटी त्यानं पाण्याकडं बोट केलं, बोट नाचवलं: उतरायचं नाही.
पाची बोटं तोंडाकडं नेली: भाकरी झालीय.
एवढं पुरलं.

जेवणाआधी सगळी मंडळी दुर्बिणी घेऊन काठाला.
पुण्याची दोन पोरं, हुबळीची एक डॉक्टरीण.
सगळ्यांनी एकदम माना वळवल्या.
मीही वळवली, उशिरा,
बँड थांबल्यावरही नाचत राहिलेल्या वऱ्हाड्यासारखी.

मग मी बाजूला गेलो.
सवयीनं मूठभर काठ उचलला, दाबला, मोडून बघितला.
पाणी जास्त, चिकटा कमी. ओतकामाला निकामी.
तरी दोन पावलांवर कुणीतरी
काम करून गेलं होतं:
तीन बोटं पुढं, एक मागं,
कड कुठं सुटलेली नाही,
नखाचं टोकसुद्धा नीट उमटलेलं.
असा साचा शेवटच्या वर्षी
मला जमत नव्हता, हात कापायचा.
बगळा पलीकडं एका पायावर उभा होता.
मी त्याला मेस्त्री म्हणून टाकलं.

तळं लाल झालं तसं
त्यातलं एक पोरगं माझ्या कानाशी ओरडलं,
"काका, तुमच्या भट्टीसारखं ना?"
नाही.
भट्टीकडं निळ्या काचेशिवाय बघता येत नाही.
याच्याकडं मी उघड्या डोळ्यांनी बघत बसलो, विझेपर्यंत.
कुणी ओतलं नाही. कुणी भाजलं नाही.

रात्री रेणूनं हलवून उठवलं.
खोलीची पायरी गार. अंगावर तिचीच शाल.
झाडीकडं बोट दाखवून ती थांबली.
मी तिचं तोंड बघत होतो.
ऐकणाऱ्या माणसाचं तोंड थोडं उघडं राहतं,
त्याला ते ठाऊक नसतं.
लग्नात, देवळात, मयताला
मी आता तोंडंच बघतो.

"रातवा," ती म्हणाली. मी ओठांवर वाचलं.
मग तिनं माझा हात ओढला, उताणा केला
आणि एका बोटानं तळव्यावर
ठक. ठक. ठक. ठकठक र्रर्र.
थांबली.
पुन्हा पहिल्यापासून.

मला हसू फुटलं.
ही तर माझी हातोडी!
तयार कास्टिंगवर हलकी टिचकी मारायची,
आवाजावरून सांगायचं: निकोप, की आत चीर.
दुसऱ्या शेडमधून बोलवायला यायचे मला.
साहेब यंत्र आणायचा, आणि तरी विचारायचा.

"निकोप आहे," मी म्हणालो.
बहुतेक फार मोठ्यानं,
कारण शेजारच्या तंबूत टॉर्च लागली
आणि तिचं बोट अधांतरीच राहिलं.
पाखरू उडालं असणार.

आम्ही उठलो नाही.
तळ्यावरून थंडी येत होती, ती तरी दोघांना सारखी.
हात मी तसाच उताणा ठेवला,
तिचं बोट वर,
पुढची टिचकी
अजून यायची होती.