बाजूचा धक्का

मकरपुरा जीआयडीसी, शेड नंबर चारशे अकरा,
पत्र्याखाली तापलेला मे.
शिर्केकाकांनी गोणपाट बाजूला केलं
आणि म्हणाले, हात लाव.
गार. काळपट. पोलादात पितळेच्या बारीक पट्ट्या,
वहीच्या रेघांसारख्या.
मी म्हटलं, एवढंच? आणि जबडे?

त्यांनी किल्ली भोकात घातली, अर्धा फेरा दिला.
आत कुठेतरी कडी लागल्यासारखं झालं, बस्स.
प्लेट उचल म्हणाले.
दोन्ही हातांनी ओढली, बोटं पांढरी पडली,
दारात चहा पीत रसिकभाई हसले,
नहीं छूटे, कुंदाबेन.

नऊ वर्षं मी व्हाईसवर काढली.
आवळताना मनगटाला कळतं
किती झालं, किती राहिलं.
शेवटच्या पिळाला माझे दात आपोआप मिटायचे,
तीच माझी खूण, की आता जॉब हलत नाही.
इथे दात कशासाठी मिटायचे?
ही पकड मला कळलीच नाही आठवडाभर.
एकदा लाईट गेली,
कटर थांबला, पंखा थांबला,
प्लेट मात्र तशीच धरलेली, अंधारात.
भीती वाटली मला, खोटं कशाला बोलू.

काकांचे नियम लिहिलेले नव्हते.
पुसायचं ते आधी फडक्याने, मग तळहाताने,
फडक्याला कीस लागत नाही, तळहाताला लागतो,
आणि केसाएवढा कीस खाली राहिला
की अर्धी पकड गेली.
प्लेट पट्ट्यांना आडवी ठेव,
निदान तीन-चार तरी झाकल्या गेल्या पाहिजेत,
एका रेघेवर कोणी उभं राहत नाही.
पातळ पत्रा नको.
पितळ, ॲल्युमिनियम आणूच नकोस,
त्यांच्याशी याचं बोलणं नाही.
घड्याळ काढून ठेव, म्हणाले,
आणि त्यांच्या मनगटावर त्यांचं स्वतःचं
साडेतीनला थांबलेलं.

पादऱ्याच्या पार्टीच्या बारा प्लेटा होत्या, संध्याकाळी टेम्पो येणार.
आठ झाल्या. नवव्या प्लेटीला मी
दोन फेऱ्यांचं काम एका फेरीत घेतलं.
आवाज बदलला, तेवढंच आठवतं.
मग साबण हातातून जातो तशी
ती कटरखालून गेली, टेबलावरून, माझ्या कमरेजवळून,
आणि दाराच्या पत्र्यात वाजली.
पत्र्याला पोचा, अर्ध्या पोळीएवढा. अजून आहे.

कोणी ओरडलं नाही.
काकांनी स्टूल ओढलं, चष्मा लावला,
मॅग्नेटवरचा ओरखडा अंगठ्याने बघितला
पितळेत किती, पोलादात किती.
मग दोन इंची पट्टी शोधली
आणि कटर जिकडे ढकलतो
त्या बाजूला बोल्टने बसवली.
म्हणाले, हा खाली ओढतो, बेटा.
खाली ओढण्यात कोणाला ऐकायचा नाही.
पण बाजूने कोणी रेटलं
तर ते याला समजतच नाही.
जोर आहे म्हणून आधार नको, असं नसतं.

राहिलेल्या तीन प्लेटा मी हळू केल्या.
टेम्पोवाला हॉर्न देत राहिला.

रात्री सोडवलेल्या प्लेटांवर कीस उभा होता,
थंडीत अंगावर काटा यावा तसा.
किल्ली फिरवली तरी थोडं राहतंच.
डीमॅगवरून एकेक प्लेट न्यायची,
आणि यंत्र चालू असतानाच
हात लांबवत, लांबवत तिला दूर काढायचं.
घाईने काढलीस तर राहून जातं, ते म्हणाले,
नऊ नंबरची, वाकलेली, भंगारात जायची,
तीही त्यांनी तशीच काढली.

मी त्यांचं घड्याळ मागितलं.
काय करायचंय, म्हणाले, आणि दिलं.
यंत्रावर ठेवलं, हळू, हळू,
हात पूर्ण लांब होईपर्यंत मागे घेतलं.
त्यांनी कानाला लावलं. शेडमध्ये फक्त पंखा.
बराच वेळ तसेच उभे.
चालतंय, म्हणाले.
पुढे चालतंय की मागे, ते उद्या बघू.